मदत हवी आहे : ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड होते अन् श्वास अडकते

पांढरं_सोनं (धागाकर्ती)
लवकर सांगा कोणी. आमच्या ह्यांना काल रात्री परत तसंच झालं. झोपेतून दचकून उठले, छाती धरून बसले. हातापायाला मुंग्या, अंगभर घाम, "आता मी वाचत नाही" म्हणत होते. अर्ध्या तासात आपोआप शांत. ईसीजी काढून झाला, नॉर्मल आहे. डॉक्टर गॅसच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. सासूबाई भगताकडे न्या म्हणतात. कोणत्या डॉक्टरला दाखवायचं तेवढं सांगा, बाकी उपदेश नको.

वणीचा_भाऊ
वहिनी, वय किती? बीपी-शुगर? चालताना, ओझं उचलताना दुखते का बसल्याबसल्या? डाव्या हातात, जबड्यात कळ जाते का? हे सांगितल्याबिगर कोणी काय सांगन?

सात्विक_आहार
हा शंभर टक्के गॅसच. रात्रीचं तुरीचं वरण बंद करा, ओवा अन् काळं मीठ कोमट पाण्यातून द्या. माझ्या काकांची ॲसिडिटी यानंच गेली.

रानपाखरू
ओवा राहू द्या बाजूले. ताई, फवारणी चालू आहे का? २०१७ ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, विसरू नका. डोळ्याची बाहुली बारीक, तोंडाले लाळ, उलटी, धूसर दिसणं, यातलं काही असंन तर इथं वाचत बसू नका. कपडे बदलवा, साबणानं अंग धुवा अन् १०८ लावा.

पांढरं_सोनं
फवारणी मजूर करतो, हे हात लावत नाहीत. लाळ-उलटी काही नाही. वय ४१, बीपी-शुगर नाही. कापसाचं गाठोडं उचलतात तेव्हा काहीच होत नाही, निवांत बसले की होते.

काळी_माती
फवारणीची मजुरी काय देता तुमच्याकडे? आमच्या इकडे माणूसच भेटत नाही.

दवाखान्यातली_ताई
मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. एका ईसीजीवर हृदयाचा विषय संपत नाही. फिजिशियनला दाखवून गरज वाटली तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) अन् रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहून घ्या. पण तुम्ही लिहिलं ते पॅनिक अटॅकसारखं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यासारखं वाटते. तो पाचदहा मिनिटांत टोकाला जातो अन् मग उतरतो. घाबरून श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानं मुंग्या येतात, चक्कर येते. पहिल्यांदा कधी झालं? त्याआधी घरात, गावात काही घडलं का? चहा, खर्रा (तंबाखू-सुपारी), दारू?

पांढरं_सोनं
पोळ्याच्या आधी शेजारचे भाऊजी हार्ट अटॅकनं गेले. ह्यांनीच त्यांना गाडीत टाकून नेलं होतं, रस्त्यातच गेले ते. तेव्हापासूनच आहे हे. आता आठवडी बाजारात जात नाहीत, शेतात एकटे जात नाहीत, सारखी मनगटाची नाडी पाहतात. दारू नाही. चहा लय, अन् खर्रा दिवसभर तोंडात.

मेडिकल_लाइन
अल्प्राझोलामची, म्हणजे घबराट शांत करून झोप आणणारी, अर्धी गोळी रात्री द्या. माझा भाऊ घेते, मस्त झोपते.

दवाखान्यातली_ताई
भाऊ, असं परस्पर सांगू नका. त्या गोळीची सवय लागते अन् एकदम बंद केली तर त्रास उसळून येतो. डॉक्टरनं लिहून दिली तर थोड्या दिवसांपुरती ठीक.

मेडिकल_लाइन
मग मानसोपचारवाले पॅनिकसाठी रोज घ्यायच्या गोळ्या देतात, त्यांनी काय होते? आठवडा झाला तरी फरक नसते.

दवाखान्यातली_ताई
नसतेच. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला धडधड वाढल्यासारखीही वाटते. तिथंच लोक सोडून देतात.

एक_शेतकरी
हे सारे मनाचे खेळ. कामात गुंतवा माणसाले.

वणीचा_भाऊ
कामातच आहे तो माणूस, गाठोडी उचलते. मले हाच त्रास होता. घरचे "काही नाही झालं तुले" म्हणत तेव्हा अजून वाढे. वहिनी, त्रास येईन तेव्हा बाजूले बसा. नाकानं चार मोजत श्वास आत, सहा मोजत हळूहळू बाहेर. "हे उतरते" एवढंच म्हणा. बाजार सोडू देऊ नका, आधी सोबत जा, मग थोडं थोडं एकटं. मी घरातच बसलो तर भीती दारापर्यंत आली होती. खर्रा अन् चहा कमी करा, तंबाखूनं धडधड वाढते. अन् रात्री कोणी नसंन तर १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पांढरं_सोनं
आम्ही पुलगावजवळचे. कुठं नेऊ?

दवाखान्यातली_ताई
वर्ध्याजवळचं सेवाग्राम नाहीतर सावंगी मेघेचं मोठं रुग्णालय, दोन्हीकडे मेडिसिन अन् मानसोपचार एकाच आवारात आहे. जुना ईसीजी अन् चालू गोळ्या सोबत घ्या. "जगून काय फायदा" असं कधी बोलतात का? कर्जाचं काही? सरळ विचारा, विचारल्यानं तसं मनात येत नाही. बोलत असतील तर एकटं सोडू नका अन् घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

पांढरं_सोनं
विचारलं. नाही म्हणाले, मरायचीच तर भीती वाटते म्हणाले. अन् रडले थोडं. उद्या सकाळी सेवाग्रामला निघतो. सासूबाईही येतो म्हणाल्या.

दवाखान्यातली_ताई
खर्र्याचं डॉक्टरला तुम्हीच सांगा. पुरुष माणसं आईसमोर ते लपवतात.