मदत हवी आहे: पहाटे जाग येते पण हलता येत नाही, आणि खोलीत कुणीतरी दिसतं

लालबागला चाळीत राहतो, एकच खोली, मी आणि आई. विमानतळावर कार्गोला कामाला आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते: फर्स्ट, सेकंड, नाइट. हा प्रकार आधीही अधूनमधून व्हायचा, गणपतीनंतर फार वाढलाय.

पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा आई उठते. तिच्या बांगड्या, पिंपात पडणारी धार, बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली आपटलेली, सगळं मला स्वच्छ ऐकू येतं. भिंतीवरचं घड्याळ दिसतं आणि वेळही बरोबर असते. म्हणजे मी जागा आहे. आणि त्याच खोलीत ओट्यावर कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं. तोंड दिसत नाही. कानात घरघर सुरू होते, मग ते खाली उतरतं आणि छातीवर येतं. हाक मारायला जातो तर आवाजच फुटत नाही. आई दोन हातांवर पाणी भरतेय आणि तिला पत्ता नाही. मग एकदम सुटतो, घामाघूम.

स्लीप पॅरालिसिसबद्दल वाचलंय. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातपाय बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी अंथरुणात केली असती. कधी जाग आधी येते आणि अंग मागाहून सुटतं, तोवर स्वप्नातला काही भाग उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतो. पहाटे रेम जास्त असते, वेळही जुळते. सगळं पटतं. पण हे ज्ञान सकाळी चहा पिताना कामाचं. ते ओट्यावरून उतरायला लागतं तेव्हा काय करायचं?

दुसरी अडचण आई. तिने दृष्ट काढली, उशीखाली सुरी ठेवली, संगमेश्वरला मावशीला फोन केला. मावशी म्हणते बाहेरचं आहे, गावी येऊन गाऱ्हाणं घाल. (रजा कोण देणार, ते मावशीने सांगितलं नाही.) आता आई रात्र रात्र माझ्याकडे बघत बसते. तिला बीपी आहे. मानसोपचार हा शब्द काढला की डोळ्यांना पदर लावते.

ज्यांना हे झालंय त्यांनी सांगा, त्या क्षणी काय करता? डॉक्टर मेंदूचा गाठायचा की मनाचा? देवस्कीचे पत्ते नकोत, घरात भरपूर आहेत.

रात्रपाळीवाली: नर्स आहे, मलाही व्हायचं. अख्खं अंग उचलायला जाऊ नका, त्याने घाबरगुंडी वाढते. पायाचा अंगठा नाहीतर करंगळी, एवढंच हलवायचं बघा. डोळे तुमच्या ताब्यात असतात, ते त्या आकृतीवरून काढून घड्याळावर न्या. छाती दाबल्यासारखी वाटते कारण बरगड्यांचे स्नायू ढिले असतात. पण श्वासपटल चालूच असतं, त्यामुळे गुदमरणार नाही. श्वास सावकाश सोडत राहा. काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा खेळ असतो, आपल्याला तास वाटतो.
उताणे झोपता का? उताणं झोपलं की हे जास्त होतं. पाठीशी लोड लावून कुशीवर झोपा. आणि नाइट संपली की त्याच दिवशी लग्नाकार्याला पळायचं बंद करा. तुटक झोप हे याचं एक मोठं कारण.

चिंचपोकळीकर: मारुतीस्तोत्र म्हणा, मला गुण आला.

रात्रपाळीवाली: म्हणू द्या की. मनातल्या मनात म्हटलं तरी लक्ष दुसरीकडे जातं.

ओपीडीतला बाक: डॉक्टर आहे, पण इथे बसून निदान करता येणार नाही. काही गोष्टी विचारतो. दिवसा बसल्या बसल्या आवरता न येणारी झोप लागते का? खूप हसलात की गुडघे लुळे पडतात का? तसं असेल तर नार्कोलेप्सी तपासावी लागेल, मग थेट न्यूरॉलॉजिस्ट. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? नसेल तर केईएम, नायर, सायन, कुठेही केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत दाखवा. झोपेच्या तक्रारी तिथे रोजच्या आहेत, वेड लागलंय असं कुणी म्हणत नाही. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

माजघर: आईशी वाद घालू नका. २०११ च्या एका आढाव्यात साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हे झाल्याचं आलंय, विद्यार्थ्यांत तर २८. जपानात याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी छातीवर बसते. आपल्याकडे मुंजा बसतो. हे तिला सांगा, बऱ्या होतात आया. पण त्याहून चांगलं म्हणजे तिला काम द्या. पहाटे ती जागीच असते ना? श्वास जोरात चाललाय असं दिसलं की खांद्याला हात लावून हाक मारायची, एवढंच. हात लागला की बहुतेकदा सुटतं. रात्रभर पहारा द्यायची गरज नाही. सुरी मात्र उशीखालून काढून दाराशी ठेवा, दचकून उठताना हाताला लागेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. उताणाच झोपतो, कपाट आणि पलंगामध्ये तेवढीच जागा आहे. आईला खांद्याचं सांगितलं, लगेच तयार झाली. सुरीला नाही म्हणाली. डॉक्टर, हसून गुडघे वगैरे काही नाही, पण घोरतो, आणि आई म्हणते मध्येच आवाज बंद होऊन मग मोठा श्वास घेतो. म्हणजे आधी कान-नाक-घसा, की सरळ झोपेची तपासणी? त्यासाठी रात्रभर तिथेच राहावं लागतं का? पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळी ओपीडीला येता येईल.