कपाळावर टाके, गालावर खरचटलंय : वण कमीत कमी राहावा म्हणून मदत हवी आहे

निळीशाई
भाची, वय 14. सायकलवरून पडली, आज सहावा दिवस. कपाळाच्या मध्यापासून जरा बाजूला उभी 3 सेंमी चीर, नायलॉनचे पाच टाके, उद्या काढायचे आहेत. गालावर जबड्याच्या कडेपर्यंत साधारण 4 बाय 3 सेंमी खरचटलंय, त्यावर जाड तपकिरी खपली धरली आहे. ताप नाही, पू नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. रंग सावळा. तिच्या आईच्या कानाच्या पाळीला टोचल्यावर गाठ आली होती आणि कापल्यावर ती परत वाढली, म्हणून धास्ती जास्त.

विचारायचंय ते असं : टाके आणखी दोन-चार दिवस ठेवले तर जोड पक्का होईल का? खपली आपोआप पडू द्यावी का? आणि वणाचं मलम आजपासूनच सुरू करावं का?

कातरवेळ
टाके उद्याच काढून घ्या, लांबवू नका. चेहऱ्यावरचे टाके 5 ते 7 दिवसांत निघायला हवेत. त्यापुढे दोऱ्याच्या भोकातून वरची कातडी आत उतरू लागते आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची ओळ कायमची उमटते, शिडीसारखी. चीर बारीक भरली तरी ती शिडी दिसतेच.

जोड पक्का होण्याचं म्हणाल तर ते दोन-चार दिवसांचं काम नाही. तीन आठवड्यांनी त्या जागेत मूळ कातडीच्या साधारण 20 टक्केच ताकद असते. वर्षभराने ती फार तर 80 टक्क्यांवर जाते, पूर्ण कधीच होत नाही. म्हणजे टाके निघाले की खरी जपणूक सुरू होते. या काळात जोड ओढला गेला तर चीर सहसा उघडत नाही, पण वण रुंदावतो.

कपाळाच्या सुरकुत्या आडव्या आणि चीर उभी, त्यामुळे भुवया उंचावल्या की प्रत्येक घडी चिरेवरून मोडते. टाके निघाल्याबरोबर, कातडी कोरडी करून, 6 मिमी रुंदीच्या चिकट पट्ट्या चिरेला आडव्या लावायला सांगा, मध्ये 3-4 मिमी फट ठेवून. एक टोक चिकटवायचं, बोटांनी कडा जवळ आणायच्या, मग दुसरं टोक. नुसती पट्टी ताणून चिकटवली तर टोकाशी कातडीवर फोड येतो. त्या आठ-दहा दिवसांत सैल झाल्या की चिरेच्या लांबीने साधी कागदी टेप, एकूण 12 आठवडे. टेप अंघोळीत भिजली तर टिपून घ्या, कडा सुटल्या तरच बदला. काढताना ओली करून चिरेच्या लांबीच्या दिशेने सोलायची. आडवी ओढली तर जो ताण टाळायचा तोच आपण देतो.

बोरीबाभळ
मी फक्त खपलीबद्दल लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

खपली हे जखमेचं संरक्षण आहे हा समज पक्का रुजलेला आहे. नवी कातडी कडेने सरकत सरकत मध्याकडे येते आणि सरकायला तिला ओल लागते. वर कोरडी खपली असली की तिला खाली वाट कोरत, खोलातून जावं लागतं. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या कातडीवर हे दाखवलं : पातळ प्लास्टिकने झाकलेल्या जखमा उघड्या ठेवलेल्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने झाकल्या गेल्या. वेग महत्त्वाचा, कारण दोन आठवड्यांच्या आत कातडी आली तर फुगीर वण क्वचितच होतो. तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की धोका झपाट्याने वाढतो. तुमचा सहावा दिवस आहे, हातात अजून वेळ आहे.

ओढून काढू मात्र नका. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये गॉज भिजवून 10-15 मिनिटं खपलीवर ठेवा. कडा पांढुरक्या, मऊ होतील. जी सहज सुटेल तेवढीच पुसून घ्या, अडली की थांबा. मग साध्या पेट्रोलियम जेलीचा थर, खालची गुलाबी जागा चकाकत राहील इतका, आणि वर न चिकटणारी पट्टी. दिवसातून एकदा बदला. तीन-चार दिवसांत खपली उतरते. पट्टीला फिकट पिवळी, बिनवासाची लस लागते ती पू नव्हे.

हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा डेटॉल रोज लावू नका. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. जखम स्वच्छ असेल तर अँटिबायोटिक मलमाचीही गरज नाही, निओमायसिनची तर अनेकांना अ‍ॅलर्जी होते आणि ती लाली जंतुसंसर्ग वाटते.

खपली उतरल्यावर निळसर काळे ठिपके दिसले तर ती रस्त्यावरची बारीक खडी आहे. ती कातडीखाली राहिली तर गोंदणासारखी कायमची बसते. खरं तर ती पहिल्याच दिवशी, जागा बधिर करून घासून काढायची असते. दिसली तर लगेच दाखवा, घरी सुईने उकरू नका.

निळीशाई
दोघांचे आभार. खपलीच्या एका कडेला दोन काळे ठिपके दिसताहेत, उद्या टाके काढताना दाखवते. वणावर लावायच्या सिलिकॉनचं कसं? आणि घरात व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल आहेत, त्या फोडून लावू का?

वनमाला
व्हिटॅमिन ई नको. ताज्या वणांवर त्याची तपासणी झाली आहे : वण सुधारला नाही आणि साधारण तिघांतल्या एकाला लाल, खाजरं पुरळ आलं. गोरेपणाच्या क्रीमही लांब ठेवा, त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने नवी कातडी पातळ राहते.

सिलिकॉन आजपासून नाही. जागा पूर्ण झाकली, ओलावा संपला, पाण्याने चुरचुरत नाही, तेव्हाच. म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी. नवी कातडी पाणी धरून ठेवू शकत नाही, ती सुकली की खालच्या पेशींना आणखी तंतू विणण्याचा संदेश जातो. सिलिकॉन ते पाणी अडवतं. गालावर जेल सोपं : अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत सुकायला हवा. चिकट राहिला तर जास्त झालाय, पुसून टाका. कपाळावर सिलिकॉनची चिकटणारी पट्टी मिळाली तर कागदी टेपऐवजी ती चालेल, ताणही धरते. पहिले दोन दिवस 4 तास, मग वाढवत 12 तासांच्या वर. पट्टी आणि कातडी रोज सौम्य साबणाने धुवायची, नाहीतर घामाचं पुरळ येतं आणि लोक सिलिकॉनच सोडून देतात. दोन-तीन महिने तरी लावा.

सावळ्या रंगात फुगवट्यापेक्षा काळा डाग जास्त छळतो. कातडी आल्यावर एसपीएफ 30 च्या वरचं, शक्यतो रंगीत सनस्क्रीन वापरा. त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि या कातडीत डाग त्यानेही गडद होतो. बाहेर असताना दर दोन तासांनी परत.

कातरवेळ
आईच्या गाठीबद्दल कुणी बोललं नाही, तो मुद्दा मोठा आहे. कापून परत वाढली म्हणजे ती केलॉइड असावी, आणि ती प्रवृत्ती घराण्यात चालते. कपाळाला धोका कमी, पण गालाची जखम जबड्याच्या कडेपर्यंत गेली आहे, ती जागा नाजूक. फुगीर वण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुढे बहुधा बसतो. केलॉइड हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर चढतो, कधी काही महिन्यांनी, आणि आपोआप बसत नाही. म्हणून आजच जखमेचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्या, मग महिन्यातून एकदा त्याच उजेडात.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वण लाल, टणक, जरा उंच दिसेल. तेव्हा घाबरू नका, तो त्याचा सगळ्यात वाईट काळ असतो. निवळायला वर्ष-दीड वर्ष जातं. पण सतत खाज, टोचल्यासारखं दुखणं, किंवा कड हद्दीबाहेर 2-3 मिमी जरी गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दर 4-6 आठवड्यांनी देतात, गाठ लहान असताना ती कमी लागतात. जास्त झाली तर खड्डा पडतो आणि रंग उडतो, म्हणून अंदाजाने कुणाकडून घेऊ नयेत. कुणी नुसतं कापून टाका म्हणालं तर नको म्हणा, आईच्या कानाला काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

निळीशाई
मालिश कधीपासून?

वनमाला
टाके निघाल्यावर तीन आठवड्यांनी, गालावर कातडी येऊन दोन आठवडे झाल्यावर. बोटाच्या पेराने, खालची जागा क्षणभर पांढरी पडेल इतक्या दाबाने, गोल गोल. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. बोट कातडीवर घसरता कामा नये, कातडीच बोटाबरोबर सरकायला हवी. त्याच दिवशी संध्याकाळी लाली टिकून राहिली तर दाब कमी करा. कपाळावर मालिश टेप बदलायच्या दिवशीच, त्यासाठी रोज टेप सोलू नका.