गर्भाशयाचं अस्तर ८ मिमी झालं, तरी भ्रूण लगेच का सोडत नाहीत?

प्रश्न: आयव्हीएफमध्ये गोठवलेलं भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी (ट्रान्सफर) १०-१२ दिवस इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात, मग प्रोजेस्टेरॉन, आणि वर आणखी पाच दिवस थांबायला सांगतात. सोनोग्राफीत अस्तर पुरेसं जाड दिसतंय, मग थांबायचं कशासाठी? दोन्ही हार्मोन्स पहिल्या दिवसापासून का देत नाहीत?

उत्तर १: एकत्र दिली तर काय होतं ते गर्भनिरोधक गोळीत दिसतं. तिच्यात दोन्ही प्रकारची हार्मोन्स असतात, म्हणून अस्तर पातळच राहतं. आधी एकट्या इस्ट्रोजेनला काम करू द्यावं लागतं. त्याने पेशी वाढतात, सोनोग्राफीत तीन रेघा दिसतात. शिवाय प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींमध्ये ते हार्मोन पकडणारे रेणू, त्याच्यामुळेच तयार होतात.
पण जाड अस्तर म्हणजे तयार अस्तर नव्हे. प्रोजेस्टेरॉन मिळाल्यावर वाढ थांबते, सरळ ग्रंथी नागमोडी होतात, त्यांत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठून पोकळीत पाझरतं, ग्रंथींच्या मधल्या पेशी फुगू लागतात. याला पाच दिवस लागतात. नैसर्गिक पाळीतही ओव्ह्युलेशननंतर (बीज बाहेर पडल्यावर) साधारण तेवढ्याच दिवसांनी भ्रूण ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रुजण्याच्या टप्प्याचं, होतं. म्हणून पाच दिवसांच्या भ्रूणाला पाच दिवस, तीन दिवसांच्या भ्रूणाला तीन. रुजण्याची संधी मोजकेच दिवस असते. भ्रूणाचं आणि अस्तराचं वय जुळलं नाही तर चांगलं भ्रूणही वाया जातं.

उत्तर २: घोळ होतो तो दिवस मोजण्यात. प्रोजेस्टेरॉनचा पहिला दिवस शून्य धरायचा की एक, हे क्लिनिकला स्पष्ट विचारा आणि पहिल्या डोसची वेळ लिहून ठेवा. नेहमीचा डोस असा: इस्ट्राडायॉल व्हॅलरेट २ मिग्रॅ दिवसातून तीनदा, अस्तर ७ मिमीच्या वर गेलं की प्रोजेस्टेरॉन ४०० मिग्रॅ योनीमार्गे दिवसातून दोनदा. योनीमार्गे दिलेलं औषध थेट गर्भपिशवीत पोचतं; तोंडाने घेतलेलं बरंचसं यकृतातच मोडतं आणि झोप येते ती वेगळी. डोस राहिला तर स्वतःहून दुप्पट घेऊ नका, लगेच फोन करा.

उत्तर ३: अस्तर ५-६ मिमीवरच अडकलं तर नुसता डोस वाढवत बसू नये. क्युरेटिंगनंतर (पिशवी आतून खरवडल्यावर) पिशवी आतून चिकटलेली असू शकते, आणि आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी तर तपासायलाच हवा. तळाचा थर खराब झाला असेल तर वाढायला पेशीच उरत नाहीत. हिस्टेरोस्कोपीत (दुर्बिणीने गर्भाशय आतून बघण्यात) ते कळतं.
आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून औषधं बंद करू नका! या पद्धतीत ओव्ह्युलेशनच नसतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन बनवणारं पीतपिंडही नसतं. वार ते काम पूर्ण हाती घेईपर्यंत, साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत, गर्भ या औषधांवरच टिकतो.