सातवाहन पोटीन नाणी: अर्धवट लेखावरून राजा कसा ठरवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. एका जुन्या संग्रहातल्या पोटीन (तांबं, शिसं, कथील यांचा मिश्रधातू) नाण्यांची यादी करायची आहे. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि त्याभोवती ब्राह्मी लेख, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (चार टोकांना गोळे असलेली फुली). म्हणजे तऱ्हाळ्याला (जि. वाशीम) सापडलेल्या नाणेनिधीतल्यासारखीच.

अडचण नेहमीचीच. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे लेखाचा निम्मा भाग काठाबाहेर गेला आहे. ‘सिरि’नंतरचं (म्हणजे ‘श्री’नंतरचं) अक्षर दिसलं की काम सोपं: ‘पु’ असेल तर पुळुमावी, ‘य’ असेल तर यज्ञ सातकर्णी. पण बहुतेक नाण्यांवर नुसतं ‘…तकणिस’ (‘सातकणिस’, म्हणजे ‘सातकर्णीचे’, याचा शेवट) उरलंय, आणि ते यज्ञ, विजय, कुंभ, कर्ण या सगळ्याच सातकर्णींच्या नावाचं शेपूट आहे! नुसत्या ‘सिरि सातकणि’चीही शक्यता आहेच.

अशा वेळी हत्तीची ठेवण, उज्जैन चिन्हाच्या गोळ्यांची रचना किंवा वजन यांवरून राजा ठरवता येतो का? वजनावर फार भिस्त ठेवू नये असं वाटतं. झीज आणि गंज दोन्ही आकडा फिरवतात. ठशांची जुळणी करून, म्हणजे पूर्ण लेखाच्या नाण्याचा हत्ती अर्धवट नाण्याशी ताडून कोणी पाहिलंय का?

दुसरं, साफसफाई. चिंच, लिंबू कृपया सुचवू नका. पोटीनमध्ये शिसं आणि कथील असतं, आम्लाने पृष्ठभागासकट अक्षरंही जातात. कोरड्या बांबूच्या काडीपलीकडे काही सुरक्षित उपाय आहे का? फोटोसाठी प्रकाश किती तिरका ठेवता तेही सांगा.