मदत हवी आहे: टेलिफोटो लेन्स सतत वाजते. स्टॅबिलायझर की बिघाड?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

१००-४०० मिमीची एक वापरलेली झूम लेन्स घेतली आहे. काच स्वच्छ, बुरशी नाही, फोकस झटपट. दुकानदाराने परत घेण्याची मुदत दिली आहे, पण ती महिनाअखेरीस संपते, म्हणून थोडी घाई.

तक्रार आवाजाची आहे. शटर अर्धं दाबलं की आधी ‘टक्’ आणि मग बारीक ‘सुर्रर्र’ सुरू होतं, शेजारच्या खोलीत टेबल फॅन चालू असावा तसं. बोट काढल्यावर दोन-तीन सेकंदांनी पुन्हा ‘टक्’ आणि मग शांत. रस्त्यावर हे कळतही नाही. पण नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या मनोऱ्यावर सकाळी कोणी बोलत नसतं. तिथे शेजारच्या काकांनी वळून विचारलं, “काय वाजतंय हो?” आधीच्या छोट्या झूममध्येही स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) होता, पण तो असा कधी ऐकू आला नाही.

व्हिडिओत तर हे फारच खटकतं. चिखलात चरणाऱ्या शराटी पक्ष्यांची छान क्लिप मिळाली, पण पाण्याच्या आवाजाऐवजी पूर्ण वेळ सुर्रर्र.

आणि खरी भीती वेगळीच आहे. अधूनमधून ‘कर्र’ असा आवाज येतो आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम बाजूला उडी मारतं. दुकानात दाखवायला नेली की अर्थातच काही होत नाही.

यातलं नेहमीचं काय आणि बिघाड कोणता? घरच्या घरी तपासता येईल का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

आयएसओ ६४००

नाव नाही तर निदान एवढं सांगा, लेन्स जुन्या पिढीची की नवी? आणि कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा)?

गोदाकाठ

डीएसएलआर. लेन्स नव्या पिढीची. ट्रायपॉडवर असल्याचं ती आपोआप ओळखते असं मॅन्युअलमध्ये दिलंय.

पाणकावळा

दोन्ही ‘टक्’ आणि सुर्रर्र यांची काळजी सोडा. ‘कर्र’बद्दल मात्र बोलायला हवं.

लेन्सच्या आत काचांचा एक गट आडवा-उभा सरकू शकेल असा बसवलेला असतो. हात वर-खाली आणि डावी-उजवीकडे किती वेगाने वळतोय हे जायरो सेन्सर मोजतात. प्रोसेसर हिशोब करतो आणि कॉइल व चुंबक मिळून तो गट हवा तितका सरकवतात. स्टॅबिलायझर बंद असताना गट मोकळा लोंबकळू नये म्हणून अनेक लेन्समध्ये त्याला मध्यभागी पकडून ठेवणारं कुलूप असतं. शटर अर्धं दाबल्यावरचा पहिला ‘टक्’ म्हणजे कुलूप उघडलं, नंतरचा म्हणजे लागलं. मधलं सुर्रर्र म्हणजे गटाची अखंड सरकासरक. स्पीकरचा पडदाही कॉइल आणि चुंबकानेच हलतो, तेव्हा या यंत्रणेतून आवाज येणारच. ४०० मिमीच्या लेन्समधला गट छोट्या झूममधल्यापेक्षा मोठा आणि जड असतो, म्हणून तुम्हाला फरक जाणवला.

हे आजचं नाही. एसएलआरसाठी पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स कॅननने १९९५ मध्ये काढली, ७५-३००. तिच्याबद्दल आणि १९९८ च्या पहिल्या १००-४००बद्दल लोक हेच विचारायचे. कॅनन याला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. वाजतात सगळ्या, फक्त सूर वेगळा.

पण चित्राने उडी मारणं हे कुलूप उघडण्याच्या क्षणापुरतंच असेल तर ठीक. सुरुवातीला चित्र किंचित सरकून ‘चिकटतं’, टॅमरॉनच्या व्हीसीत ते चांगलंच जाणवतं. बोट दाबून धरलेलं असताना मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर, सर्किट किंवा गट पकडणारी यंत्रणा, यांपैकी कुठेतरी गडबड आहे.

कानावर निवाडा करू नका. शांत लेन्ससुद्धा बिघडलेली असू शकते.

तिसरा स्टॉप

पाणकावळा यांच्याशी सहमत. घरी असं करून बघा.

सर्वात आधी फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर फोकसची मोटर आणि स्टॅबिलायझर यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. मग स्टॅबिलायझरचं बटण चालू-बंद करत ऐका. बंद केल्यावरही काही वाजत राहिलं तर संशयित दुसराच.

पुढची चाचणी महत्त्वाची. कॅमेरा टेबलावर तांदळाच्या पिशवीवर घट्ट बसवा, ४०० वर झूम करा, समोरच्या इमारतीवरचं एखादं अक्षर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहापट मोठं करा आणि स्टॅबिलायझर चालू ठेवून शटर अर्धं दाबून धरा. हात लावलाय म्हणून थोडं थरथरेल, ते सोडा. अक्षर हळूहळू एका बाजूला वाहत गेलं किंवा झटका देऊन उडालं तर लेन्स परत. जुन्या पिढीच्या लेन्स स्थिर आधारावर स्वतःच गोंधळतात, म्हणूनच त्या ट्रायपॉडवर बंद ठेवायला सांगतात. पण तुमची नवी आहे, तिला ही सबब नाही.

शेवटी हातात धरून १/६० सेकंदाच्या शटर स्पीडला दहा फोटो स्टॅबिलायझर चालू ठेवून आणि दहा बंद ठेवून काढा. एरवी ४०० मिमीला १/४०० च्या आसपास लागतो, तेव्हा बंदवाले हलणारच. चालूवाल्यांतले बरेचसे धारदार आले पाहिजेत. मग १/२००० ला स्टॅबिलायझर बंद ठेवून भिंतीचा एक फोटो काढा. त्यात फ्रेमची एकच बाजू मऊ (अस्पष्ट) दिसली तर गट मध्यावर बसत नाहीये, आणि ते जास्त वाईट.

आयएसओ ६४००

व्हिडिओचं सांगतो, कारण त्यात मी पुरता पोळलोय. कॅमेऱ्याचा आतला माईक लेन्सपासून चार बोटांवर असतो आणि आवाज हवेतूनही येतो, कॅमेऱ्याच्या बॉडीतूनही. मेन्यूतला विंड फिल्टर लावून उपयोग नाही. तो खालचे घुमणारे सूर कापतो, तुमचं सुर्रर्र त्याच्या वरचं आहे. हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅशची खाच) माईक लावला तरी थोडं उरतंच. लांब वायरचा माईक वेगळ्या स्टँडवर लावा, किंवा आवाज छोट्या रेकॉर्डरवर वेगळा घ्या आणि नंतर जुळवा. शराटी एका जागी चरत असतील तर सरळ ट्रायपॉड लावून स्टॅबिलायझर बंद करा.

रानभूल

माझा भाबडा प्रश्न: या आवाजाने पक्षी उडतात का? ताडोब्यात जिप्सीचं इंजिन बंद केल्यावर माझी लेन्स फारच जाणवते.

पाणकावळा

मला तरी तसं कधी दिसलं नाही. डीएसएलआरच्या आरशाची ‘खटाक्’ त्याहून कितीतरी मोठी. आणि भिगवणला पक्षी उडालेच तर आपल्या लेन्समुळे नाही, होडीतल्या कुणाच्या तरी रिंगटोनमुळे उडतात.

सह्यकडा

धाग्यात घुसतो, माफी. माझ्या फुजीच्या ५०-१४० लेन्समधून तर कॅमेरा *बंद* असताना आवाज येतो. बॅगेतून काढताना आत काहीतरी खुळखुळतं. हे पण कुलूपच का?

तिसरा स्टॉप

नाही, तिथे उलटा प्रकार आहे. त्या लेन्सचा फोकस लिनियर मोटरवर चालतो आणि वीज नसली की फोकसचा गट मोकळा होऊन मागेपुढे सरकतो. फुजीच्याच ९० एफ/२ लेन्समध्ये तर स्टॅबिलायझरच नाही, तरी ती खुळखुळते. कॅमेरा चालू केल्यावर थांबत असेल तर चिंता नको. सुर्रर्र नको असेल तर मेन्यूत स्टॅबिलायझर सतत चालू ठेवण्याऐवजी फक्त शूटिंगपुरता करा.

कुलूपवाल्या लेन्सही खुळखुळू शकतात. स्टॅबिलायझर चालू असतानाच लेन्स काढली तर कुलूप लागायला वेळच मिळत नाही. निकॉनच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलेलं असतं: लेन्स पुन्हा लावा, कॅमेरा चालू करा, आवाज जाईल. गोदाकाठ, तुम्हीही शेवटचा ‘टक्’ ऐकल्याशिवाय लेन्स काढू नका.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री चाचण्या केल्या, घरच्यांनी तांदळाच्या पिशवीबद्दल प्रश्न विचारले ते वेगळंच.

स्टॅबिलायझर बंद केला की सुर्रर्र आणि दोन्ही ‘टक्’ गायब, म्हणजे ते त्याचेच. १/६० चे फोटो: चालू असताना दहापैकी सहा छान, एक ठीक आणि तीन इतके हललेले की बंद ठेवूनही तसे आले नव्हते. भिंतीच्या फोटोत चारही कोपरे सारखे.

टेबलावर मात्र सापडलं. सुरुवातीला अक्षर अगदी स्थिर, मग ‘कर्र’ आणि अक्षर डावीकडे उडून परत जागेवर. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला. दुकानदाराला पाठवल्यावर तो म्हणाला, “कॉन्टॅक्ट पुसून बघा.”

पाणकावळा

सल्ला वाईट नाही, दोन मिनिटांचं काम आहे. कॉन्टॅक्ट म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणारे सोनेरी पिन, ते दोन्हीकडचे कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि तीच चाचणी पुन्हा करा, जमल्यास मित्राच्या बॉडीवरही. दोन्ही बॉडींवर उडी आली तर दोष लेन्सचाच. ते तीन हललेले फोटो त्या उडीचेच असणार.

दुरुस्तीच्या फंदात मात्र पडू नका. स्टॅबिलायझरचं युनिट सहसा पूर्णच बदलतात आणि नंतर सगळ्या काचांची जुळवणी पुन्हा तपासावी लागते. परत घेतोय तोवर परत द्या.

गोदाकाठ

पिन पुसले, भावाच्या बॉडीवरही लावून बघितली. उडी दोन्हीकडे. दुकानदार सोमवारी परत घ्यायला तयार झालाय. पण रविवारी भिगवणला रोहित बघायला जायचं ठरलंय आणि दुसरी लांब लेन्स नाही. स्टॅबिलायझर बंद ठेवून वापरली तर चालेल?

तिसरा स्टॉप

चालेल. बटण घरूनच बंद करून न्या. कोपरे सारखे आलेत, म्हणजे कुलूप नीट लागतंय. उडत्या थव्याला १/२००० लागतोच, तिथे स्टॅबिलायझर असला काय नि नसला काय. होडी डुलत असताना बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० च्या खाली येऊ नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. आणि लेन्स पाण्यात पाडू नका, सोमवारी परत द्यायचीय.