सीपीआरनंतर ताप, काउंट वाढलेले आणि एका बाटलीत ग्रोथ: खरं ब्लडस्ट्रीम इन्फेक्शन (रक्तातला संसर्ग) की कंटॅमिनेशन (नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू)?

प्रश्न (आयसीयू, निवासी डॉक्टर)
घरी अरेस्ट (हृदय बंद पडलं), सुमारे 20 मिनिटांनी आरओएससी (रक्ताभिसरण परत सुरू). रुग्ण व्हेंटिलेटरवर, कूलिंग मशीनवर तापमान नियंत्रण चालू. 30 तासांनी काउंट (पांढऱ्या पेशी) 19,000, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन (रक्तातले दाह-संसर्गाचे निर्देशक) दोन्ही वाढलेले, नॉरॲड्रेनालिन (बीपी टिकवणारं औषध) कमी करता येत नाही. फिमोरल लाइन (मांडीच्या शिरेतली सेंट्रल लाइन) सीपीआर चालू असतानाच घातलेली. त्याच वेळी फिमोरलमधून घेतलेल्या कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायची चाचणी) दोनपैकी एका बाटलीत 'ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय (गोल जंतू), गुच्छात' असा लॅबचा फोन आला. व्हॅन्कोमायसिन (अशा जंतूंवरचं अँटिबायोटिक) सुरू करावं का? आणि ती लाइन ठेवावी का?

उत्तर (इंटेन्सिव्हिस्ट)
आधी एक गोष्ट मनातून काढा: या रुग्णात काउंट आणि प्रोकॅल्सिटोनिन तुम्हाला वाट दाखवणार नाहीत. सगळ्या शरीराचा रक्तपुरवठा थांबून परत सुरू झाला की सायटोकाइन्स (दाह वाढवणारी रसायनं) उसळतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं. चित्र हुबेहूब सेप्सिसचं दिसतं. संसर्ग नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या-दुसऱ्या दिवशी चढतं. उलट बाजूही आहे: आतड्याचं आवरण रक्ताविना दुखावतं आणि तिथले जंतू रक्तात शिरू शकतात. डेट्रॉइटच्या 2014 सालच्या अभ्यासात रुग्णालयाबाहेर अरेस्ट झालेल्या 173 रुग्णांपैकी 65 जणांच्या रक्तात जंतू सापडले होते. त्यामुळे 'अरेस्टनंतर असं होतंच' म्हणून सोडून देणंही धोक्याचं.

ताप शोधत बसू नका, मशीन तो झाकतं. मशीनच्या पाण्याचं तापमान बघा. रुग्ण 36.5 वर स्थिर दिसतो, पण तिथे टिकवायला पाणी तासागणिक जास्त थंड करावं लागत असेल, तर शरीर ताप निर्माण करतंय. खाली आलेलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारं आम्ल) पुन्हा चढणं आणि नॉरॲड्रेनालिन उतरणीला लागल्यावर परत वाढवावं लागणं, या दोन गोष्टींवर माझा काउंटपेक्षा जास्त भरवसा आहे.

छातीचा एक्स-रे आणि ट्यूबमधला स्राव आजच बघा. अरेस्टनंतर सगळ्यात जास्त होतो तो न्यूमोनिया, कारण उलटी श्वासनलिकेत गेलेली असते. फ्रान्समधल्या 2019 च्या चाचणीत शॉकेबल रिदमच्या (विजेच्या झटक्यानं सुधारू शकणारी हृदयाची लय) रुग्णांना दोन दिवस ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिल्यावर सुरुवातीचा व्हेंटिलेटर न्यूमोनिया 34 वरून 19 टक्क्यांवर आला. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणून सरसकट प्रतिबंधक अँटिबायोटिक नाही, पण संशय आला की वेळ घालवायचा नाही.

उत्तर (मायक्रोबायोलॉजिस्ट)
चारपैकी एक बाटली की दोनपैकी एक, यानं अर्थ बदलतो. तुमच्याकडे एकच सेट (दोन बाटल्यांची जोडी) आहे, तोही धावपळीत मांडीतून घेतलेला. गुच्छातले कॉकाय कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ (स्टॅफिलोकॉकसचे सौम्य प्रकार) असतील तर ते बहुधा त्वचेवरचे. ऑरियस (स्टॅफिलोकॉकसचा घातक प्रकार) निघाला तर एकाच बाटलीत असला तरी तो खराच धरायचा. कॅन्डिडाचंही (एक बुरशी) तसंच. जलद ओळखीची चाचणी आमच्याकडे लगेच मागा.

आत्ताच, व्हॅन्कोमायसिनच्या आधी, दोन वेगवेगळ्या हातांतून दोन सेट घ्या. सेंट्रल लाइनमधून एक सेट त्याच वेळी, तेवढ्याच रक्ताचा. लाइनमधली बाटली हाताच्या बाटलीपेक्षा 2 तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली, तर उगम लाइनमध्ये आहे असं धरतात. प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. 3 मिली घालून पाठवलेल्या बाटलीचं निगेटिव्ह उत्तर मला विश्वासाचं वाटत नाही, रक्तात जंतू फार विरळ असतात. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

उत्तर (इन्फेक्शन कंट्रोल नर्स)
बरंचसं कंटॅमिनेशन घाईत होतं. 70 टक्के अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडिन, 30 सेकंद घासून, *पूर्ण वाळू द्यायचं*. ओल्या त्वचेत सुई घातली तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. त्यानंतर शीर परत बोटानं चाचपायची नाही. झाकण काढलं म्हणजे बाटलीचं रबर निर्जंतुक झालं, असं नाही. तेही अल्कोहोलनं पुसा. बटरफ्लायनं (नळी जोडलेली सुई) घेत असाल तर एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) बाटली आधी, नळीतली हवा तिच्यात जाते. सिरिंजनं घेत असाल तर ॲनेरोबिक (हवेविना वाढणाऱ्या जंतूंची) आधी.

लाइनबद्दल: सीपीआरमध्ये ॲसेप्सिसची (निर्जंतुकपणाची) खात्री नसते, म्हणून ती शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 48 तासांत बदलायची. जुन्या लाइनवरून गाइडवायरनं नवी घालू नका, नवी जागा निवडा. हाडात घातलेली इंट्राऑसियस सुई असेल तर ती 24 तासांच्या आत काढायची. नोंद ठेवताना 'इमर्जन्सी लाइन' असं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या पाळीला ते कळतच नाही.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. म्हणजे जलद चाचणीचं उत्तर येईपर्यंत व्हॅन्कोमायसिन थांबवायचं?

उत्तर (इंटेन्सिव्हिस्ट)
नाही. व्हॅसोप्रेसरवर (नॉरॲड्रेनालिनसारख्या बीपी वाढवणाऱ्या औषधावर) असलेल्या रुग्णात कल्चर घेतलं की लगेच सुरू करा. लोडिंग (पहिला मोठा डोस) 25 ते 30 मिग्रॅ प्रति किलो. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून लोडिंग कापू नका, किडनीप्रमाणे पुढचे डोस ठरतात. 1 ग्रॅमला किमान एक तास लावा, घाईनं सोडलं तर त्यानंच बीपी पडेल. सोबत तुमच्या आयसीयूच्या अँटिबायोग्रामप्रमाणे (तिथल्या जंतूंवर कोणती औषधं चालतात याचा तक्ता) ग्राम निगेटिव्ह या दुसऱ्या गटातल्या जंतूंसाठीही अँटिबायोटिक. 48 तासांनी सगळी कल्चर निगेटिव्ह असतील तर व्हॅन्कोमायसिन बंद.

आणखी एक. 72 तासांनी मेंदूच्या स्थितीबद्दल नातेवाइकांशी बोलायची वेळ येईल. सेप्सिस चालू असताना रुग्ण डोळे उघडत नाही, याचं कारण फक्त मेंदूची इजा असेलच असं नाही. तो गोंधळ निस्तरेपर्यंत अंतिम मत देऊ नका.

उत्तर (कार्डिओलॉजिस्ट)
ऑरियस निघाला तर 24 ते 48 तासांनी कल्चर परत करत राहा, निगेटिव्ह होईपर्यंत, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. उपचाराचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे, कमीत कमी 14. रुग्णाला आधीच पेसमेकर किंवा आयसीडी (गरज पडल्यास हृदयाला झटका देणारं शरीरात बसवलेलं यंत्र) असेल तर आम्हाला त्याच दिवशी कळवा, बहुधा पूर्ण यंत्र लीडसकट (हृदयात गेलेल्या तारांसकट) काढावं लागतं. नसेल आणि रिदम शॉकेबल होता, तर पुढे आयसीडीचा विचार होईल; रक्त स्वच्छ झाल्याशिवाय तो बसवत नाही. बसवण्याआधीच्या 24 तासांत ताप असेल किंवा तात्पुरती पेसिंग वायर असेल, तरी यंत्राला संसर्ग होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे रेफरल चिठ्ठीवर शेवटचं निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचं, ते लिहाच.