एलिमेंटरीच्या संकल्पचित्राला शेवटी काळी आउटलाइन हवीच का?

गेरू
एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांची संकल्पचित्रं (आकार रचून केलेली नक्षी) बघताना एक गोष्ट हमखास दिसते. पानं, फुलं, मासा, फुलपाखरू, त्यात पोस्टर कलरचा सपाट थर आणि मग झीरो नंबरच्या ब्रशनं सगळ्याला एकाच जाडीची काळी आउटलाइन. पिवळ्या पाकळीला तीच, गर्द निळ्या पार्श्वभूमीलाही तीच. क्लासात याला 'फिनिशिंग' म्हणतात.

माझं म्हणणं टोकाचं वाटेल, पण मांडते. ही आउटलाइन बंद करा, निदान सरावाच्या वर्षात तरी. रेषा, आकार, रंग, छटा, पोत हे घटक आपण फळ्यावर लिहून देतो, मुलं पाठही करतात. प्रत्यक्ष चित्रात मात्र रेषेला काम उरतं ते बाहेर गेलेला रंग झाकायचं! पिवळ्याशेजारी निळा आला की कड आपोआप दिसते, तिथे वेगळी रेषा कशाला? ती लागते दोन जवळच्या छटा एकमेकींत विरघळायला लागल्या की, किंवा बघणाऱ्याची नजर कुठेतरी न्यायची असेल तेव्हा. हे कोणी शिकवत नाही.

वारली बघा. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी. माणसाचं धड दोन त्रिकोणांचं, हातपाय एकेका रेघेचे. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळं म्हणजे बारीक रेषांची दाट वीण, आणि सगळं चित्र तिच्यावर उभं. तिथे रेषा झाकपाक करायला आलेली नाही.

कार्ट्रिजपेपर
ताई, मी शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात साठ मुलं, आठवड्याला दोन तासिका, त्यातली एक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून घेतात. आता बोला.

आउटलाइन मारताना काय होतं ते सांगतो. मुलगा पहिल्यांदा करंगळी कागदावर टेकवतो, ब्रशमधलं जास्तीचं पाणी फडक्याला टिपतो, टोक करून घेतो आणि एक वळण मध्ये न थांबता पूर्ण करतो. अडलं तर कागद फिरवतो. हे हाताचं शिक्षण आहे. नजर न्यायची-बिन्यायची ते पुढचं, आधी रेषा न थरथरता यायला हवी. आणि परंपरेचा दाखला देताय तर फक्त वारली का? अजिंठ्याच्या आकृती रेषेनंच बांधलेल्या आहेत, बिहारच्या मधुबनी चित्रांत तर काळ्या रेषेशिवाय पान हलत नाही.

सातारची_आई
दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे ७ जादा गुण मिळतात, बी चे ५, सी चे ३. आमच्या क्लासच्या बाई म्हणतात आउटलाइन पाहिजे. मुलीचे गुण गेले तर कोणाला विचारू?

गेरू
@कार्ट्रिजपेपर सर, अजिंठ्याचं नाव काढलंत ते बरं झालं. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी आठवा. भुवई, पापणी, बोटं, खांदा, कुठेही रेषेची जाडी तीच ती नाही. ती दाबली जाते, सुटते, काही ठिकाणी रंगात मिसळूनच जाते. मधुबनीतही आकृतीची कड बहुतेकदा दुहेरी असते, मधल्या फटीत बारीक आडव्या रेघा. कचनी या मधुबनीतल्याच शैलीत तर रंगाचं काम बरंचसं रेघांकडेच असतं: दाट भरल्या की गडद, विरळ की फिकं. आपली मुलं यातलं काय करतात? तारेचं कुंपण घालतात.

शाई_आणि_टाक
दोघांच्या मधे येतो. काळी, एकाच जाडीची रेषा मुळातच वाईट, हे मला पटत नाही. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनच्या रंगीत काचा बघा. काचांमधल्या काळ्या रेघा शिशाच्या पट्ट्या असतात, काचेचे तुकडे त्यांनीच धरून ठेवलेले. म्हणून चित्रकार आकारच असे पाडतो की पट्टी कुठून जाईल हे आधी ठरलेलं असतं. आउटलाइन पहिल्या कच्च्या रेखाटनात ठरली असेल तर चालेल. शेवटच्या दहा मिनिटांत आली तर ती मलमपट्टी.

कार्ट्रिजपेपर
हे ऐकायला छान आहे. सातवीतलं पोर कच्च्या रेखाटनात शिशाची पट्टी ठरवणार?

तपासणीला बसलोय म्हणून सांगतो, परीक्षकापुढे कागदांचे ढीग असतात. ज्या चित्रात आकार स्वच्छ सुटे दिसतात ते उठून येतं. गरीब घरातल्या मुलाकडे चांगले ब्रश नसतात, रंग फुटतो, पसरतो. त्याला आउटलाइन वाचवते. ती काढून घेऊन तुम्ही फायदा करून देणार महागड्या क्लासातल्या मुलांचा.

गेरू
हा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण मग उपाय स्वस्तच हवा ना? रंगच नको. बोरू (काडीची लेखणी), शाई आणि पाठकोरा कागद. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, हात वळवला की रेघ आपणच जाड-बारीक होते. एक तांब्या काढायला द्या: उजेडाकडची कड बारीक, सावलीकडची जाड, मधे छटा नाही. एवढ्यात गोलाई येते आणि रेषा काय करू शकते ते पोराला दिसतं. साठ मुलांचा वर्ग हे एका तासिकेत करतो.

नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेचं, गांधीजींचं लिनोकट (लिनोलियमवर कोरून काढलेला छाप) दाखवा. काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेषा, हातात काठी, पुढे पडलेलं पाऊल. चाल सगळी त्या रेषांत आहे.

कार्ट्रिजपेपर
लिनोकट दाखवीन, करायला देणार नाही. कोरणी हातात दिली की दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. बोरूचं मान्य. तरी परीक्षेच्या पेपरला मी आउटलाइन चालूच ठेवणार. फार तर काळ्याऐवजी त्याच रंगाची गडद छटा, निळ्याला गडद निळी.

गेरू
गडद निळी केलीत तरी जाडी सगळीकडे एकच राहिली तर माझी तक्रार तशीच आहे, सर.

सातारची_आई
पेपर शनिवारी आहे. काळं पेन द्यायचं का नाही, एवढं सांगा कोणीतरी.

कार्ट्रिजपेपर
पेन नको. पोस्टर कलरवर ओढलं की टोकात रंग अडकतो आणि रेघ तुटते. झीरो नंबरचा ब्रश द्या, आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नको म्हणावं.